लाल ठिपका

समोरचा माणूस बोलायला लागला, की आमचे सर उजवा तळहात वर करायचे. चौकातला हवालदार गाड्या अडवतो तसा. मग म्हणायचे, "भावना नको. आकडा बोला."

असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. चिकलठाणा आणि शेंद्र्यातल्या लहान कारखान्यांची माहिती गोळा करायची आणि नवं काही करून कोण वाढतंय ते शोधायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. सरांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. वाढणाऱ्या कारखान्याला हिरवा ठिपका, आटणाऱ्याला लाल. मोठ्या कंपन्या काम देण्याआधी ठिपका विचारायच्या, त्यामुळे लहान कारखानदार सरांना देवाला भ्यावं तसे भ्यायचे. सरांना ते आवडायचं.

माणूस वाईट नव्हता, हे सांगून टाकतो. माझी आई घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखल होती तेव्हा सर दिवसभर माझ्याजवळ बाकड्यावर बसून राहिले. "या आजारात बहुतेक माणसं घरी जातात," एवढंच सारखं सांगत होते. आई घरी आली. त्या दिवशीचे सर मला अजून आवडतात.

मग दुष्काळ पडला. एकीकडे शहरात इमारती चढत होत्या आणि दुसरीकडे रस्त्यावर टँकरच टँकर. सरांनी ठरवलं, ज्याचं पाणी जास्त, त्याचं काम जास्त. टँकरवाल्यांकडून माहिती आली आणि सगळा नकाशा नव्याने रंगला.

भानुदासच्या वाट्याला लाल ठिपका आला. हा मूळचा करमाडचा, बाप मेंढरं राखायचा. हा धातूच्या सुट्या भागांवर मुलामा चढवून द्यायचा. 'बिरोबा' नावाची त्याची पत्र्याची शेड जालना रोडलाच होती. तो धावतपळत ऑफिसात आला.

"साहेब, आमी वापरल्यालं पानी गाळून परत त्येच वापरतो. टाक्या मी सोताच्या हातानं बनवल्यात. म्हनून टँकर कमी लागतो. काम कमी नाय झालं, उलट लई वाढलंय."

तळहात वर. "भावना नको."

"एकदा शेडवर येऊन बघा तरी. तुमच्या जायच्या वाटंवरच हाय."

"बघून काय होणार? बघणं म्हणजे भावनाच."

तो गेल्यावर मी म्हणालो, "सर, आपण शोधतोय ते हेच की."

"नवं काही असतं तर पाण्यात दिसलं असतं," सर म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला. मला इतकी चीड आली, की त्यांनी पुढे केलेली शेंगदाण्याची चटणी मी घेतली नाही. माझा निषेध तेवढाच.

मोठ्या कंपनीने लाल ठिपका पाहून भानुदासचं काम काढून घेतलं. उन्हाळा संपायच्या आत शेडला कुलूप लागलं. बातमी कळल्यावर सर नकाशासमोर उभे राहिले, त्यांनी चष्मा पुसला. "बघा. आकड्याला आधीच कळलं होतं." ते खरोखर आनंदात होते.

निवृत्तीनंतर सर चिकलठाण्याच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेले. मी भेटायला गेलो, तर त्यांनी मला ओढतच बाल्कनीत नेलं. खाली निळ्या टाक्या होत्या. घराघरांतलं सांडपाणी त्यांत गाळून बागेला सोडत होते.

"भंगारात मिळाल्या! आमचे टँकर निम्म्यावर आले."

एका टाकीवर अर्धवट खरवडलेलं 'बिरोबा' मला वरूनही वाचता आलं. मी विचारलं, "म्हणजे सोसायटी आटतेय का, सर?"

सर खळखळून हसले. त्यांना काही आठवतच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. सोसायटीत शोकसभा होती. परत निघालो, तर टाक्यांपाशी एक माणूस उकिडवा बसून जाळी धूत होता. भानुदास. सोसायटीने टाक्यांबरोबर त्यालाही कामाला ठेवून घेतलं होतं.

"सरांनी ओळखलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"नाय. रोज बाल्कनीतनं बघायचे मातर. एकदा खाली आले, म्हनले, किती पानी वाचतं रे? मी आकडा सांगितला."

"मग?"

"लई खूश झाले. म्हनले, तुझ्यासारख्यानं कारखाना काढायला पायजे."