नुसते व्हॉल्व्ह आणा

लढाईच्या वर्षांत फौजेत वायरलेसचं काम शिकलो आणि परत येऊन वर्ध्याच्या बाजारात एका शेठच्या रेडिओ दुकानात लागलो. दीक्षा घेऊन बौद्ध झाल्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा शेठ म्हणाले, रेडिओ तपासायचं एक यंत्र घ्यायचं आहे, कोणतं घ्यावं ते तू सांग. मी हुरळून गेलो. मूर्खच होतो.

मी मीटर सांगितला. तोही साधा नाही. स्वस्त मीटर सर्किटमधला करंट स्वतःच पितो आणि काटा खोटं बोलतो. चांगला मीटर लावला की सेटच्या पोटात कुठं काय बिघडलंय ते नेमकं कळतं. शेठनं मान डोलावली आणि नागपूरहून व्हॉल्व्ह टेस्टर आणला. चांगलं ट्रंकेएवढं चकचकीत धूड. व्हॉल्व्ह म्हणजे रेडिओतली काचेची नळी, ती त्यात खोचा, काटा हिरव्यात गेला तर चांगला, लालमध्ये गेला तर बाद. झालं काम.

आता हे असं काऊन, तर आमच्याकडे सेट येतच नसत. रेडिओ बैठकीत, देवाच्या फोटोखाली. त्याला माझा हात लागू नये म्हणून गिऱ्हाईक घरीच मागचा पुठ्ठा काढायचं आणि नुसते व्हॉल्व्ह रुमालात बांधून आणायचं. काच पुसता येते ना! धर्म मी बदलला होता, त्यांचा होता तिथंच होता. घरी नेऊन गोमूत्र शिंपडत असतील तर मला काय ठाऊक.

सेलूच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या रेडिओतला एकच व्हॉल्व्ह सारखा जळायचा. नवा दिला की टेस्टरवर हिरवा, घरी नेला की थोड्याच दिवसांत बाद. व्हॉल्व्हचा दोष नाही, आतला कंडेन्सर गळतोय, सेट मागवा आणि मला मीटर द्या, हे शेठला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी व्यापाऱ्याच्या बैठकीत ट्रान्सफॉर्मरच जळाला आणि त्यानं भर दुकानात शेठचा उद्धार केला.

मग मीटर आला. मी सांगितला होता तोच. खोक्यातून मीच बाहेर काढला, आणि असा काही आनंद झाला की आज आठवलं तरी स्वतःची कीव येते. पाठोपाठ शेठचा भाचा आला. आता सेट दुकानात येतील आणि ते हा उघडेल, असं ठरलं होतं. सोल्डर कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

शेठ मायेनं बोलले, तेच जास्त झोंबलं. "तू त्याले दुरून सांगत जाजो. सेटले मात्र हात नको लावू."

घरी चार तोंडं होती, म्हणून सांगत गेलो. टेबलापासून लांब उभं राहून, काळी तार इथं धर, लाल तिथं. भाच्याचा हात बसला. मी टेस्टरवर काचा खोचत राहिलो, आणि लोक म्हणू लागले, वर्ध्यात रेडिओ दुरुस्त करावा तर त्या भाच्यानंच.