गायीच्या पाठीवरचं ऊन

कुवेतमध्ये, शुवैख भागातल्या गॅरेजांच्या गर्दीत सर्फराजभाईंचं फ्रेमिंगचं दुकान आहे. माणूस रत्नागिरीकडचा, स्वभावाने गोड, पण कामाबाबत महाहट्टी. तीस वर्षांत आपली एकही फ्रेम परत आलेली नाही, हे ते गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकवतात. पहिली फ्रेम परत न्यायची पाळी नेमकी माझ्यावर यावी, हे माझं नशीब.

चित्र निवृत्त होऊन मायदेशी गेलेल्या एका डच सहकाऱ्याने दिलेलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेलं. झाडाखाली गायी, दोन शेळ्या, डुलक्या काढणारा गुराखी आणि तिरपं येणारं संध्याकाळचं ऊन. भाईंनी त्याच्याभोवती पांढराशुभ्र माउंट, म्हणजे काचेआतली पुठ्ठ्याची किनार, लावला. कुराणातल्या आयती आणि पोरांच्या डिग्र्या ते असेच मढवतात आणि त्या झकास दिसतात. आमच्या भिंतीवर मात्र गुरं मळकट दिसायला लागली. माझी बायको श्यामला म्हणाली, "ह्यातलं ऊन कुठे गेलं?"

दुकानात मी चाचरत तक्रार सांगितली. भाईंचा चेहरा पडला आणि मला फार वाईट वाटलं. त्यांनी चित्र फ्रेममधून काढलं, टेबलावरच्या खाकी पुठ्ठ्यावर ठेवलं आणि चहा आणायला गेले. तक्रारवाल्यालाही ते चहाविना सोडत नाहीत. परत आले ते कप हातात घेऊन तसेच उभे राहिले.

पुठ्ठ्यावर गायीची पाठ लखलखत होती. भाईंनी चष्मा चढवला आणि नाक कागदाला टेकेस्तोवर वाकले. त्या पाठीवर एक रेघही नव्हती. कोरणाऱ्याने सावल्या तेवढ्या कोरल्या होत्या आणि उन्हाच्या जागी कागद कोराच सोडला होता. आता तो जुना कागद पिवळसर झालेला. त्याचं ऊन आपल्याच पांढऱ्या माउंटने खाल्लं, हे भाईंनी स्वतःच कबूल केलं आणि वर खो-खो हसले.

तासाभरात त्यांनी कागदाहून दोन छटा गडद, मातकट माउंट कापून बसवला. चित्रात संध्याकाळ झाली. शेजारच्या गॅरेजातला महबूबही हात पुसत बघायला आला. खुशीत मी फ्रेम उचलून निघालो, तर भाईंनी ती हलकेच धरून ठेवली.

"साहेब, आजचा दिवस ही माझ्याकडे राहू द्या. बायको गावाहून आलीय, कुवेतला पहिल्यांदाच. तीस वर्षं तिला वाटतंय, मी इथे काचा बसवतो."