बिगुलवाल्याचा निरोप

डिसेंबरच्या अखेरीस जबलपूरची संध्याकाळ लवकर थकते. उन्हाचा पिवळेपणा मदनमहालच्या काळ्या खडकांवरून हलकेच उतरू लागतो, जळत्या लाकडांचा कडवट वास गल्लीत रेंगाळतो, आणि वारा त्या बाजूचा असेल तर छावणीकडून बिगुलाचा एक क्षीण स्वर येतो. त्या स्वराला शब्द नसतात. तरी तो ऐकताना कुणी आपल्याला नावानं हाक मारली, असं का वाटतं? मी एकदा देवरावजींना तसं विचारलं होतं. ते म्हणाले, "हाकच असते ते, वहिनी. फौजेत माणसाला तोंडानं कोण बोलावते?"

हवालदार देवराव खोडे आमचे शेजारी. हिंगणघाटकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात ते फौजेत गेले आणि उभा जन्म पलटणीत बिगुल वाजवीत राहिले. शेवटची नेमणूक जबलपूरची. इथंच ते निवृत्त झाले आणि इथंच राहिले. पत्नी इथं आल्यावर लवकरच गेली, मूलबाळ नव्हतं. माझे यजमान संरक्षण कारखान्यात होते. ते गेले, मुलं पुण्याकडे स्थिरावली, आणि आमच्या गल्लीत मराठी बोलणारी दोनच माणसं उरली, देवरावजी आणि मी. सकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही जे बोलत असू त्यात मोलाचं असं काय होतं? भाजीचे भाव, गुडघे, थंडी. नातवंडांना माझं बोलणं समजतं, पण फोनवर ती उत्तर इंग्रजीत देतात. अशा परमुलखात "काहून वहिनी, आज उशीर झाला?" असं कुणी विचारणं ही केवढी सावली असते, हे ती हरवल्याखेरीज कळत नाही.

देवरावजींनी पहाटेचे, जेवणाचे, कवायतीचे सगळे इशारे वाजवले. पण त्यांच्या मनात घर करून राहिला तो अंत्यनिरोपाचा सूर. "लढणाऱ्याच्या मागं उभं राहाचं, हे आपलं काम," ते सांगत. "तो पडला, की मंग आपण पुढं याचं." कुठल्याशा बर्फाळ ठाण्यावर एका कोवळ्या शिपायाला निरोप देताना थंडीनं बिगुलाचं पितळ त्यांच्या ओठांना चिकटलं होतं. सूर संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि सोडलं तेव्हा ओठाची साल त्याला लागून आली. मध्येच थांबले असते तर कोण रागावणार होतं? मी तसं म्हटल्यावर त्यांनी ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अर्धा निरोप घेऊन तो कुठं गेला असता, वहिनी?"

उतारवयात त्यांचे पुढचे दात पडले आणि ओठांची ती पकड गेली. वाजवणं सुटलं तेव्हा पत्नी गेल्यावरही दिसली नव्हती अशी शून्यता त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिली. पण एका लग्नसराईत आमच्या दारावरून वरात चालली असताना बँडमधला एक ट्रंपेटवाला पुन्हा पुन्हा बेसूर होऊ लागला. देवरावजी फाटक उघडून सरळ वरातीत शिरले. "भैया, गाल मत फुलाओ. साँस पेट से उठाओ." तो ट्रंपेटवाला म्हणजे गोहलपुरातल्या एका बँडचे मास्टर सलीमभाई, चांगले पन्नाशीचे गृहस्थ. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिठाई घेऊन दारात आले. तेव्हापासून देवरावजींची दुपार गोहलपुरात जाऊ लागली. सलीमभाईंना त्यांनी श्वास शिकवला, आणि मग हळूहळू तो निरोपाचा सूरही. दुकानात तो वाजवण्याची सोय नव्हती. लग्नाचं गिऱ्हाईक अशुभ मानायचं. म्हणून दोघे मदनमहालच्या टेकडीवर, खडकांच्या आडोशाला जाऊन बसत.

यंदाच्या हिवाळ्यात देवरावजींना न्यूमोनिया झाला. इस्पितळात मी रोज जाऊन बसायची. अखेरच्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वहिनी, मराठीत बोला काही. इथं सारे हिंदीत औषध देऊन राहिले."

अशा वेळी काय बोलावं? मोठमोठे शब्द, स्तोत्रं, संतांची वचनं, एकही ओळ मला आठवेना. मग मी त्यांना पाटवडीचा रस्सा कसा करायचा ते सांगत बसले. बेसन घोटायचं, थापायचं, वर खोबरं-कोथिंबीर पेरायची. ते मन लावून ऐकत होते. मी मसाला वाटण्यापाशी आले तेव्हा त्यांनी मला अडवलं. "लसूण जास्त घाला." मी म्हटलं, "घालते, भाऊजी." त्यानंतर ते बोलले नाहीत. खिडकीतलं ऊन पलंगावरून खाली उतरलं तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला होता.

हिंगणघाटहून त्यांचा पुतण्या आला. छावणीतून दोन जवान पुष्पचक्र घेऊन आले आणि घराच्या अंगणात त्यांनी कडक सलाम केला. बिगुलवाल्याचं मात्र इतक्या थोड्या वेळात जमण्यासारखं नव्हतं. तसं त्यांनी फार अदबीनं सांगितलं. पुतण्या म्हणाला, "होऊन जाऊ द्या आता. उशीर नको." मी सलीमभाईंना फोन केला, आणि तिरडी निघाली तेव्हा चप्पल पायात घातली. "काकू, बायका येत नाहीत घाटावर," पुतण्या हळूच म्हणाला. "त्यांच्याशी बोलणारी मीच होते रे. मी येते," एवढंच मी म्हटलं. तो बाजूला झाला.

ग्वारीघाटावर नर्मदेचं पाणी संथ, राखाडी होतं. चिता रचून झाली तरी सलीमभाईंचा पत्ता नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना निरोप दिलेल्या माणसानं स्वतः मात्र मुक्यानं जायचं? मी पायऱ्यांकडे पाहत राहिले. पुतण्यानं अग्नी हातात घेतला तेव्हा पायऱ्यांवरून धापा टाकत उतरणारा लाल-सोनेरी झालरींचा पोशाख मला दिसला. सलीमभाई वरातीतून निघून तसेच आले होते. लोक वळून बघू लागले. कुणी तरी हसलंही. सलीमभाई हात जोडून म्हणाले, "कपड़े बदलने का वक़्त नहीं मिला, दीदी." मग त्यांनी फेटा काढून पायरीवर ठेवला, चितेसमोर ताठ उभे राहिले आणि ट्रंपेट ओठांना लावला.

तो सूर प्रथम कापरा होता. मग पोटातून उठलेल्या श्वासानं तो सावरला, लांबला, पाण्यावरून पैलतीराकडे गेला. हसणारे थांबले. घाटापर्यंत आलेल्या दोघा जवानांचे हात आपसूक कपाळाशी गेले. पुतण्यानं दुसऱ्या हातानं डोळे पुसले, आणि हा परका वाटणारा माणूस रडतो आहे हे मला तेव्हा कळलं. अग्नी दिला गेला. सूर विरला, आणि जी शांतता पसरली तिच्यात फक्त लाकडं तडतडत होती.

मी वळणार तोच सलीमभाईंनी ट्रंपेट पुन्हा उचलला. हा सूर वेगळा होता. चपळ, कोवळ्या उन्हासारखा. पुतण्यानं गोंधळून विचारलं, "अब ये क्या है?"

"सुबह का," सलीमभाई म्हणाले. "उस्ताद कहते थे, विदाई के बाद जगाना भी पड़ता है. नहीं तो बात अधूरी रह जाती है."

कुणाला जागवायचं होतं? निजलेला तर आता कुठल्याच हाकेला उठणार नव्हता. माझे पाय मात्र त्या सुराबरोबर कसे कोण जाणे हलले, आणि मी एकेक पायरी चढू लागले. वर घाटाच्या तोंडाशी एक रिक्षावाला उभा होता. "कहाँ चलना है, माताजी?" त्यानं विचारलं.

"पहले बाज़ार," मी म्हटलं. "लहसुन लेना है."