अकरा फूट चार इंच

माजलगावच्या बाजारपेठेत मन्मथप्पांचं किराणा दुकान होतं, पण गिऱ्हाईक ओळखायचं ते त्यांच्या बायकोला, नीलम्मांना. अंबाजोगाईला राहून बी.ए. झालेली बाई गल्ल्यामागं बसून साबण-तेल देते, याचं लोकांना आधी नवल वाटलं, पुढं सवय झाली. कुणाला अर्ज लिहून हवा असला की तो सामानाच्या यादीबरोबर कोरा कागद आणायचा. नीलम्मा दोन प्रश्न विचारायच्या आणि असा अर्ज लिहून द्यायच्या की वाचणाऱ्याला टाळता येऊ नये.

त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश्वर तलाठी होता. सिंदफणेकाठची, धरणाच्या खालच्या अंगाची तीन गावं त्याच्याकडं होती. तलाठ्याच्या परीक्षेला त्याला नीलम्मांनीच बसवलं होतं, दोनदा नापास झाल्यावर तिसऱ्यांदाही. दिवसभरात काय घडलं ते जेवताना आईला सांगायची त्याची लहानपणापासूनची सवय नोकरी लागल्यावरही सुटली नव्हती.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याच्या बोलण्यात नुसती वाळू असायची. बीड, परळी, औरंगाबाद, जिकडं तिकडं बंगले आणि रस्ते उठत होते आणि नदी ट्रॅक्टरनं निघून चालली होती. ठेकेदाराला परवानगी तीन फुटांची. त्या तिनांतल्या एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारी सोमेश्वरनं टेप धरला, तर खड्डा अकरा फूट चार इंच भरला. त्यानं तहसीलला दोनदा अहवाल दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

त्याच आठवड्यात त्या गावच्या विमलबाई दुकानात आल्या. विहिरीला गाळ येतोय, फडकं दुहेरी केलं तरी पाणी तांबडंच, असं सांगत होत्या. नीलम्मांनी कागद ओढला आणि आमदार शहादेवरावांना पत्र लिहिलं, स्वतःच्या नावानं. आकड्याशिवाय अर्जाला वजन येत नाही, हे त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. त्यांनी जेवताना ऐकलेला आकडा घातला. सोमेश्वरला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. एके दिवशी सोमेश्वर भरदुपारी दुकानात आला आणि साखरेच्या पोत्यावर बसला. त्याच्या हातात तहसीलचा कागद होता, वर लाल शाईत 'विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचे'. आमदारानं विचारलेला प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला असा उतरत उतरत शेवटी तलाठ्याकडंच येतो, आणि त्यानं लिहिलेलं उत्तर त्याच पायऱ्या चढून मंत्र्यांच्या तोंडी जातं. नीलम्मांनी वाचलं. सिंदफणेच्या पात्रात पाणीपुरवठ्याच्या विहिरीलगत अकरा फूट चार इंच खोल खड्डे पडले आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली?

त्यांच्याच पत्रातलं वाक्य होतं.

सोमेश्वर सांगत होता. तहसीलदारांनी दार लावून घेतलं होतं. पहिल्या प्रश्नाला 'हे खरे नाही' आणि दुसऱ्याला 'प्रश्न उद्भवत नाही' असं लिहून उद्या अकराच्या आत आणायचं, एवढंच ते बोलले. मग सरकारी कागद बाहेर कसा फुटला, असं विचारत बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले.

"माझ्या टेपशिवाय हा आकडा कुणाकडंच न्हाई, आई. ऑफिसातल्या कुणीतरी माझा अहवाल विकला."

 त्याला जेवायला घरी पाठवून नीलम्मा समोरच्या एसटीडी बूथवर गेल्या. आमदार निवासाचा फोन तिसऱ्या खेपेला लागला.

"काकू, काय पत्र लिहिलंय तुमी," शहादेवराव खुशीत होते. "मी एक शब्द बदलला न्हाई बघा."

नीलम्मांनी प्रश्न मागं घ्यायची विनंती केली. तलाठी माझा मुलगा आहे, असंही सांगितलं. 

"हे आधी सांगायचं व्हतं, काकू. आता मागं घेतला तर उद्या लोक इचारतील, शहादेव किती ट्रॅक्टरला इकला गेला? आणि उत्तर खोटं आलं तर मी गप बसणार न्हाई. मग सही कुणाची हाय तेच बघतील सगळे."

बूथमधून दुकानापर्यंत वीस पावलं होती. मन्मथप्पांनी काय झालं म्हणून विचारलं, तर सोमाला येऊ द्या, म्हणाल्या. सोमेश्वर जेवून परत आला तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं, पत्राचं आणि फोनचंही. तो ओरडेल असं त्यांना वाटलं होतं.

"इंच कशाला लिहिलेस गं?" तो हळूच म्हणाला. "दहा-बारा फूट लिहिलं असतंस तर कुणाच्याही नावावर खपलं असतं."

"मोघम लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं." आणि लगेच, जन्मात कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या मुलाला सांगून बसल्या. "खरं नाही म्हणून लिही, सोमा. शहादेवरावांचं मी बघते."

"आणि पुन्हा त्या गावात टेप घेऊन कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्यानं तिथंच पोत्यावर पाटी ठेवून उत्तर लिहिलं आणि नेहमीच्या सवयीनं कागद आईपुढं धरला. 'होय, हे खरे आहे.' खाली दोन्ही अहवालांचे जावक क्रमांक होते. नीलम्मांचा हात कागदावर राहिला. फाडला असता तर त्यानं दुसरा लिहिला असता, तेही त्यांना कळत होतं. त्यांनी कागद परत दिला.

वर जाईतो उत्तर 'हे अंशतः खरे आहे, चौकशी सुरू आहे' असं झालं. पंधरा दिवस ट्रॅक्टर बंद राहिले, मग फिरू लागले. गोपनीयता मोडल्याबद्दल सोमेश्वरला नोटीस आली आणि जानेवारीत आष्टी तालुक्यात बदली झाली. शहादेवराव दुकानात येऊन गेले, बदली थांबवतो म्हणाले, चहा प्याले. ठेकेदाराची माणसं मात्र सामान घ्यायला येऊ लागली. त्यातल्या एकानं सुटे पैसे मोजता मोजता, साहेब आष्टीत कुठं राहतात, म्हणून सहज विचारलं. तेव्हापासून नीलम्मा रोज संध्याकाळी बूथवर जाऊन घरमालकाकडं फोन लावून सोमेश्वरला बोलावून घेत. दार आतून लावतोस ना, एवढंच विचारत. तो हसायचा.

उन्हाळा लागला तशा विमलबाई पुन्हा आल्या, कोरा कागद घेऊनच. विहिरीचा एक काठ खचला होता. नवा तलाठी भला आहे, त्यानं मोजलंय, आकडा विचारून आणते म्हणाल्या.

नीलम्मांनी कागद हातात घेतला, पेनचं टोपण काढलं.

"त्याची आई कुठं असते?" त्यांनी विचारलं.

विमलबाईंना ठाऊक नव्हतं. आधी विचारून या, म्हणून नीलम्मांनी टोपण पुन्हा लावलं. विमलबाई रिकामी पिशवी घेऊन उन्हात निघाल्या. त्या वळणाआड जायच्या आत नीलम्मांनी त्यांना हाक मारून परत बोलावलं.

"राहू द्या त्याचा आकडा," त्या म्हणाल्या. "टेप मी आणते. उद्या आपण दोघी मोजू."