डावी बाजू बाबूची

लवू मेस्त्रीला जगात एकाही माणसाचं काम पसंत नव्हतं. भाट्याच्या पुलावरून जाताना त्याला कठडा वाकडा दिसायचा, देवळात गेला तर गाभाऱ्याची चौकट गुण्याच्या काटकोनात बसलेली नसायची, आणि लग्नाला गेला तर आधी मांडवाचे खांब न्याहाळून मग तो नवरानवरीकडे बघायचा. मुंबईच्या गोदीत छत्तीस वर्षं सुतारकी करून तो रत्नागिरीला परत आला त्याला आता सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात त्याने गावातल्या झाडून सगळ्या सुतारांना, गवंड्यांना आणि रंगाऱ्यांना एकेकदा तरी गाढव ठरवून ठेवलं होतं. त्याची बायको मालन म्हणायची, "ह्यांनी माझ्या भाकरीलासुद्धा गुण्या लावला असता. भाकरी गोल असते म्हणून वाचले."

अशा या माणसाच्या घरापुढच्या खळ्यात एके सकाळी टेम्पो आला आणि शाळेचं जहाज उतरलं.

जहाज म्हणजे लढाऊ जहाजाची प्रतिकृती. सत्तर फुटांना एक फूट असं माप धरून केलेली, साडेपाच फूट लांब. बेचाळीस वर्षांपूर्वी लवू आणि त्याचा धाकटा भाऊ बाबू या दोघांनी खाडीकाठच्या शाळेसाठी ती बांधली होती. त्यांचे वडील रावजी मेस्त्री समुद्रात जाणारे लाकडी मचवे बांधायचे. ते वारले त्याच वर्षीची ही गोष्ट. खरं जहाज लोखंडाचं असतं हे पोरांना ठाऊक होतं, पण त्यांना रीत येत होती ती मचव्याची. म्हणून आधी कणा, मग फासळ्या, मग दोन्ही अंगांना सागाच्या फळ्या, असं ते जहाज उभं राहिलं. एक बाजू लवूने केली, एक बाबूने. आता शाळेचा अमृतमहोत्सव आला होता आणि मुख्याध्यापिका नम्रता मॅडमना ते जहाज नव्यासारखं करून हवं होतं.

नव्यासारखं! लवूने जहाजाभोवती एक फेरी मारली आणि त्याचं तोंड कारल्यासारखं झालं. शाळेने बेचाळीस वर्षं दर प्रजासत्ताक दिनाला जो रंग उरेल तो या जहाजाला फासला होता. वर झेंड्याच्या खांबाचा चंदेरी, त्याखाली बाकांचा चॉकलेटी, त्याखाली फळ्याचा हिरवा. तोफांच्या जागी स्केचपेनच्या रिकाम्या नळ्या खोचलेल्या. डोलकाठी मोडली म्हणून कुणा शहाण्या बाईने स्वेटर विणायची सुई ठोकली होती. आणि मागच्या डेकवर हेलिकॉप्टर म्हणून चक्क खाऊच्या पुड्यातून निघालेलं प्लास्टिकचं पिवळं खेळणं गोंदाने चिकटवलेलं. देशाचं संरक्षण करायला निघालेत मेले.

टेम्पोबरोबर आलेले चित्रकलेचे हर्षद सर नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या टोकासमोर, उभे राहिले आणि आदबीने म्हणाले, "मेस्त्री, ही उजवी बाजू जरा फुगलेली वाटते."

"उजवी?" लवूने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "सर, जहाजाची डावी-उजवी तुमच्या नाकासमोरून ठरत नाही. जहाजात उभं राहायचं, तोंड नाळेकडे करायचं, मग उजव्या हाताला ती उजवी. ही फुगलेली ती डावी. आणि डावी बाजू बाबूची. उजवी माझी. ओलं लाकूड आणि कच्चा हात, दुसरं काय!"

हे शेवटचं वाक्य लवू आज पहिल्यांदा बोलत नव्हता. जहाज पुरं झालं त्याच महिन्यात त्याला गोदीत नोकरी लागली आणि तो मुंबईला गेला. तिथल्या पहिल्या पावसाळ्यानंतर गणपतीला तो गावी आला, तेव्हा शाळेने त्याचा सत्कार ठेवला होता. गोदीतला मेस्त्री म्हणजे तेव्हा काय थाट! नारळ हातात घेऊन त्याने जहाजाकडे बघितलं, तर डाव्या अंगाच्या फळ्या पावसाने फुगून वर आलेल्या. सगळा गाव समोर बसला होता. तिथे त्याने डावी बाजू बाबूची असं सांगून हेच वाक्य म्हटलं आणि लोक हसले. बाबू मागच्या रांगेत होता, तो हसला नाही आणि बोललाही नाही. त्यानंतर बाबूकडे मचव्याचं काम घेऊन कुणी फिरकलं नाही. ज्याची साडेपाच फुटांची फळी फुगते त्याच्या हाती चाळीस फुटांचा मचवा कोण देणार? दोन वर्षांत बाबूने वडलांची अवजारं लवूच्या घरी आणून ठेवली आणि तो लाँचवर खलाशी म्हणून गेला. पुढे जयगडला बंदरावर रखवालदार झाला आणि तिथेच राहिला. भावाभावांचं बोलणं लग्नकार्यापुरतं, तेही तिसऱ्या माणसाकडून.

लवूला याचं कधी वाईट वाटलं नाही. काम येत नसेल तर माणसाने काम सोडावं, असं त्याचं सरळ मत होतं. म्हणून नम्रता मॅडमनी जहाजाखाली लावायच्या पाटीवर दोघा भावांची नावं घालू या म्हटलं, तेव्हा त्याने साफ नकार दिला. बाबूची बाजू मी काढून टाकतोय, नव्या फळ्या माझ्या, मग जहाज सगळं माझं, पाटीवर नाव एकच. ही अट मान्य असेल तर काम, नाहीतर उचला तुमचं भंगार. बिचाऱ्या मॅडमनी मान्य केलं.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं, हे कबूल करायला पाहिजे. आठ दिवस त्याने रंगाची पुटं खरवडली. फासळी न फासळी ठोकून बघितली. तोफा सागाच्या कांडीतून नव्याने तासल्या, डोलकाठी नवी केली, हेलिकॉप्टर कुंपणापलीकडे भिरकावलं. आणि नवव्या दिवशी त्याने डावी बाजू उघडली. पितळी खिळे एकेक करून उपटले, सहा फळ्या सोडवल्या आणि पहिली फळी उलटी करून मांडीवर घेतली.

फळीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने आकडा होता आणि आकड्याखाली टिंब होतं.

रावजी मेस्त्रीच्या कामावर एक शिस्त होती. फळी जो कापेल त्याने आतल्या बाजूला आपली खूण करायची, म्हणजे वीस वर्षांनी मचवा उघडला तरी कळावं की शेण कुणी खाल्लं. बाबूची खूण रेघ. लवूची खूण टिंब.

लवूने दुसरी फळी उलटली. टिंब. तिसरी, टिंब. सहाच्या सहा. मग तो बॅटरी घेऊन आला, जहाजाच्या उघड्या कुशीत डोकं घातलं आणि समोरच्या, उजव्या बाजूच्या फळ्या आतून बघितल्या. बेचाळीस पावसाळे काढून सुतासारख्या सरळ राहिलेल्या त्या फळ्यांवर एका ओळीत रेघा होत्या.

तो तसाच खाली बसला. आधी त्याला वाटलं बाबूने काहीतरी लबाडी केली असेल. आपली चूक दिसली की पहिलं नाव दुसऱ्याचं आठवतं, त्यातला हा प्रकार. पण टिंब त्याच्याच हाताचं होतं, पेन्सिल दाबून गोल फिरवलेलं. आणि मग त्याला वडील आठवले. रावजी मेस्त्री नेहमी मचव्याच्या नाळेसमोर, जमिनीवर उभे राहायचे, एक डोळा मिटून दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघायचे आणि तिथूनच ओरडायचे, उजवी उचल, डावी दाब. त्यांची उजवी म्हणजे समोरून उजवी. पोरांची पण तीच. "उजवी माझी" असं लवू त्या वर्षी म्हणाला तो नाळेसमोर उभा राहून म्हणाला होता. पुढे गोदीत पहिल्याच आठवड्यात त्याने एक फळी भलत्या बाजूला नेऊन लावली, फोरमनने सगळ्यांदेखत त्याची सालटी काढली, आणि त्या दिवसापासून लवूची उजवी फिरली ती कायमची. उजवी फिरली, पण "उजवी माझी" हे वाक्य होतं तसंच राहिलं आणि बाबूच्या बाजूला जाऊन बसलं. हर्षद सरांना दारात शिकवलेली अक्कल याने स्वतः कधी वापरली नव्हती.

ओलं लाकूडही त्याला आता आठवलं. बाबू म्हणत होता शिमग्यापर्यंत थांबू, लाकूड सुकू दे. लवूला गोदीचं पत्र आलं होतं, त्याला घाई होती. सुकलेल्या फळ्या होत्या तेवढ्या बाबूने लावल्या आणि याने मिळेल ती ओली फळी ठोकून मुंबईची वाट धरली.

मालन चहा घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघून तिने काय झालं ते काढून घेतलं. सगळं ऐकल्यावर ती फळ्यांकडे बघत म्हणाली, "मग एवढं काय त्यात? बंबात घाला, कुणाला कळतंय. सहा फळ्यांत एका आंघोळीचं पाणी तापेल." आणि कप ठेवून आत निघून गेली. लवूला तिची ही जीभ ठाऊक होती. ती आज लागायची तिथेच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो जयगडला गेला, एक फळी वर्तमानपत्रात गुंडाळून. बाबूच्या घरात लवूच्या सगळ्यात आधी नजरेत भरलं ते असं, की तिथे लाकडाची एक वस्तू नव्हती. खुर्च्या प्लास्टिकच्या, स्टूल प्लास्टिकचं, देवाचा चौरंगसुद्धा प्लास्टिकचा. रावजी मेस्त्रीच्या मुलाच्या घरात! एरवी लवूने यावर तासभर तोंडसुख घेतलं असतं. आज तो त्यातल्याच एका खुर्चीवर टेकला आणि त्याने फळी पुढे केली.

बाबूने फळी उलटी केली, टिंब बघितलं आणि परत दिली. लवूने अडखळत सगळं सांगितलं, नाळेसमोरची उजवी, गोदीतली उजवी, फोरमन. मी खोटं बोललो नव्हतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"मला वाटलं तू मुद्दाम बोललास," बाबू म्हणाला. "माझा भाऊ लबाड आहे असं धरून मी म्हातारा झालो. तू लबाड नव्हतास तर. नुसता गाढव होतास."

लवूने सबंध गावाला वाटलेली पदवी अशी त्याच्याकडे परत आली. ती त्याने निमूट घेतली. बाबू, तेव्हाच का नाही बोललास, असं मात्र त्याने विचारलं.

"सगळ्यांसमोर गोदीतला मेस्त्री बोलला. माझं कोण ऐकणार होतं? खूण आत होती. ती दाखवायला तुझं जहाज फोडायला लागलं असतं."

लवू घाईघाईने म्हणाला की नव्या फळ्या घालतो, एकदम सरळ, आणि पाटीवर दोघांची नावं घालतो. बाबूने मान हलवली.

"नवी फळी नाय घालायची. होती तीच बसव. लांबीची पुटी भरून फुगवटा झाकायचा नाय. आणि पाटीवर नुसती नावं नको, बाजू लिही."

जगातली वाकडी चौकट ज्याला सोसत नव्हती, त्याने मग चार दिवस बसून त्या सहा वाकड्या फळ्या आपल्या हाताने पुन्हा जागेवर ठोकल्या. लांबीचा डबा बाजूलाच होता, दोन हात फिरवले असते की जहाज आरशासारखं झालं असतं. त्याने डब्याचं झाकण उघडलं नाही. मग रंग दिला. वर राखाडी, पाण्याखालचा भाग तांबडा, मध्ये काळी रेघ. राखाडी त्याने तीनदा कालवला. असा रंग रत्नागिरीत दुसरा कुणी देऊन दाखवावा, पण त्या तुळतुळीत रंगाखाली फुगवटा आधीपेक्षा जास्तच उठून दिसू लागला.

अमृतमहोत्सवाला शाळेचं पटांगण भरलं होतं. बाबू आला होता, मागच्या रांगेत बसला होता. नम्रता मॅडमनी पडदा बाजूला केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग बाजूंसकट लिहिलेली पाटी वाचायच्या आधीच पुढच्या रांगेतून कुणीतरी बोललंच, की एक बाजू अजून फुगलेलीच आहे की, ती बाबूची ना?

लवू उठला. नाळेपाशी जाऊन त्याने जहाजाकडे पाठ केली, म्हणजे जहाजाची डावी-उजवी आणि त्याची एकच झाली, आणि डावा हात वर केला.

"ही डावी. ही माझी. उजवी बाबूची. ओलं लाकूड आणि कच्चा हात, दुसरं काय."

लोक हसले, अगदी तेव्हा हसले होते तसेच. लवू हात वर धरून उभा राहिला, हसून होईपर्यंत. बाबू मागून उठून पुढे आला, जहाजाच्या नाळेसमोर उभा राहिला आणि एक डोळा मिटून बराच वेळ दोन्ही बाजू बघत राहिला.

"टिंबं आत तशीच ठेवलीस ना?" त्याने विचारलं.

"ठेवली," लवू म्हणाला.

मग बाबूने हात पुढे केला आणि बेचाळीस वर्षांनी आपल्या बाजूच्या फळीवरून तळवा फिरवला.