मिक्सच्या पिशवीचा निकाल

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ढगाळ. दूध उशिरा आलं. दहा वाजता मास्तर आणि त्यांच्या वकीलबाई आल्या. माझ्या अकरा वर्षांच्या डायऱ्या मागितल्या. का, ते दोनदा सांगितलं, तरी नीट कळलं नाही. चहाला साखर कमी पडली.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला भाजी चिरून विकणारे. शिकवण्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही. पस्तीस वर्षं ते कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाचे चाळीस थर एकदम कापायचे आणि चाळिसाव्या थरातही सुताचा फरक नाही. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी कापायचं लांब टेबल मालकाकडून मागून आणलं, त्यावर पत्रा ठोकला आणि गाजरं ठेवली. टेप अजून गळ्यात असते. सून त्यांना म्हणते, "बाबा, फरसबी खायची असते, शिवायची नसते." ते ऐकतात आणि पुढची शेंग मागच्या शेंगेला लावून बघतात.

भानगड अशी झाली होती की ताज्या भाज्यांवर विक्रीकर नाही, पण कर खात्याच्या साहेबांचं म्हणणं पडलं की चिरून, धुऊन पिशवीत बंद केली की ती ताजी भाजी राहत नाही, तयार खाद्यपदार्थ होतो. तसं ठरलं तर मागच्या सगळ्या वर्षांचा कर भरावा लागणार आणि दुकानाला कुलूप लागणार.

"एकदा कापड सुटलं, वहिनी," मास्तर म्हणाले. "आता गाजर सुटलं तर या वयात कापू काय? लोकांचे खिसे?"

"पण यात माझ्या डायऱ्या कशाला?" मी विचारलं.

वकीलबाई माझ्या नातीच्या वयाच्या. "आजी, कोर्ट अशा वेळी शब्दकोश बघत नाही. शास्त्रात टोमॅटो फळ आहे, म्हणून तुम्ही तो फळवाल्याकडे मागता का? घेणारा आणि विकणारा त्या शब्दाला काय समजतो, ते कोर्ट धरतं. म्हणजे तुम्ही काय समजता, ते."

"मी? मी काय समजते ते मलाच कुठे माहीत आहे?"

"लिहून ठेवलंय ना तुम्ही. आज बाजारात विचारलं तर सगळे मास्तरांच्या बाजूने बोलतील. तुम्ही खटल्याची कल्पनाही नसताना लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. शाळेत सिस्टरांनी दोन सवयी लावल्या. दिवसाची खरेदी मथळ्याखाली लिहायची, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. माझे मथळे तीन: भाजी, किराणा, तयार. पाव, बिस्किटं, ज्याला आपला हात लागत नाही ते सगळं 'तयार'मध्ये.

दुपारी डायऱ्या काढल्या आणि मलाच घाम फुटला. पहिली पिशवी आणली तेव्हा माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं. तेव्हाची नोंद: 'तयार – गाजर, मास्तरांकडून.' दीड महिना तसंच. मग प्लास्टर निघालं आणि दुसऱ्याच दिवसापासून तेच गाजर, तेच मास्तर, पण 'भाजी'च्या खाली. पुढे सहा वर्षं तसं. आणि मग चार चिरलेल्या भाज्या एकत्र असलेली 'मिक्सची पिशवी', पुन्हा 'तयार'मध्ये.

मी वकीलबाईंना फोन केला. सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या.

"विचारलं तर खरं सांगा, आजी."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर नाही विचारलं."

कोर्टाची खोली आमच्या बँकेपेक्षा लहान निघाली. पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा कपाळावर ठेवला होता आणि तोच शोधत होत्या. सरकारी वकिलांना सर्दी झालेली, तरी त्यांनी नेमकं तेच पान काढलं.

"बाई, सोळा तारखेपर्यंत गाजर 'तयार' आणि सतराला 'भाजी'. एका रात्रीत गाजरात काय फरक पडला?"

"गाजरात काही नाही. माझं प्लास्टर निघालं."

"म्हणजे?"

आता आली का पंचाईत! "आमचे हे दर रविवारी माझी डायरी वाचायचे. बाहेर चिरलेलं त्यांना चालत नसे. हात मोडला होता तोवर सवलत होती. नंतरही मी मास्तरांकडूनच आणत राहिले. त्यांना कळू नये म्हणून मथळा बदलला."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. इतकी वर्षं घरात न फुटलेली गोष्ट मी शिक्क्याच्या कागदावर फोडली होती.

न्यायाधीशबाईंना चष्मा सापडला. "आणि त्यांना कळलं नाही?"

"नाही. उलट म्हणायचे, तुझा हात काय बसलाय गं चिरायला, अगदी मापात!"

मास्तरांनी मान खाली घातली. ते हसत होते की लाजत होते, दिसलं नाही.

"किती वर्षं?"

"सहा. ते गेले तोवर."

त्यांनी ते लिहून घेतलं. तिथेच साक्ष थांबली असती तर बरं झालं असतं, की नसतं, अजून ठरत नाही. पण न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मिक्सची पिशवीही त्यांना अशीच वाढलीत?"

वकीलबाई कागद चाळायला लागल्या. मी खरं ते सांगितलं. "नाही. ती मी हे गेल्यावर आणायला लागले. एकटीला अर्धा किलो गाजर चार दिवस पुरतं. मिक्समध्ये सगळं थोडं थोडं मिळतं. नुसतं पातेल्यात टाकायचं. म्हणून ते 'तयार'मध्ये."

निकाल मे महिन्यात आला. वकीलबाईंनी माझ्याच स्वयंपाकघरात तो वाचून दाखवला. त्यात मी 'सर्वसामान्य गृहिणी' होते. ज्या वस्तूला घरातला माणूस सहा वर्षं घरी चिरलेली भाजी समजून खातो, ती नुसत्या सुरीने वेगळी वस्तू होत नाही. सबब चिरलेलं गाजर, फरसबी, फ्लॉवर या भाज्याच. मिक्सची पिशवी मात्र, साक्षीदार स्वतः सांगते त्याप्रमाणे, सोयीसाठी तयार केलेली निराळी वस्तू. तिला कर लागू.

"पण तेच गाजर दोन्हीकडे आहे ना?" मी विचारलं. वकीलबाईंनी समजावलं. मी मान डोलावली. कळलं नाही.

मास्तरही सोबत आले होते, पण किती भरायचं तो हिशोब ते बोलले नाहीत. "वहिनी, गाजर तुमच्यामुळे वाचलं. दुकान राहील. मिक्सचं जे भरायचं ते टेबल न विकता भरता येईल."

"आणि मिक्स माझ्यामुळे गेलं. मी गप्प बसले असते तर?"

"तर सायबांनी दुसऱ्या कोणाला धरलं असतं. सहा वर्षं माझं काम तुमच्या नावावर खपवलंत, त्याचं काय ते बोला आधी!"

दुसऱ्या आठवड्यात दुकानावरची मिक्सची पाटी उतरली. आता टेबलावर चार परातींत चार भाज्या सुट्या असतात. मी एकटीपुरतं मूठ मूठ मागते, मास्तर प्रत्येक मूठ वेगळ्या पिशवीत बांधून देतात. "एकत्र बांधू का?" असं परवा त्यांनी सवयीने विचारलं आणि स्वतःच हात मागे घेतला.

मी घरी आले. डायरी उघडली. मथळा कोणता, यावर चहा निवला. शेवटी मथळा न घालताच लिहिलं:

गाजर, फरसबी, वाटाणे, फ्लॉवर, मिळून पाव किलो, पिशव्या चार. एकाच पातेल्यात शिजवल्या. पिशव्या धुऊन वाळत घातल्या.