हवेतला नळ

मालन शिरसाटच्या घरात सात माणसं, आणि तिला वाक्य पुरं करू देणारं एकही नाही. "आज मी भाजीला" एवढं ती म्हणेपर्यंत सासूबाई सुंदराबाई तिसऱ्याच विषयावर पोचलेल्या असत, आणि नवरा अंबादास "हां हां, कळलं" म्हणत शर्टात डोकं घाली. त्यामुळे १९८६ साली घाटकोपरला, बंद पडलेले ट्रक ओढून नेणाऱ्या चंद्रप्रकाश सेठच्या क्रेन कंपनीत तिला वायरलेसवर बसवलं, तेव्हा तिला पगारापेक्षा ते काळं बटणच जास्त आवडलं. बटण दाबलं की आपण बोलायचं, आणि सोडेपर्यंत कुणाची टाप नाही मध्ये तोंड घालायची. चार क्रेनवरचे चार धटिंगण ड्रायव्हर तिचं गपगुमान ऐकून घेत. पहिल्या दिवशी घरी जाताना ती रस्त्याने एकटीच हसत होती.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग कळलं की बटणाला दोन सवती आहेत. धंदेवाल्यांना द्यायला मोकळी चॅनेलं नव्हती, म्हणून परवाना ऑफिसने एकच चॅनेल तिघांत वाटून दिलं होतं: घाटकोपरची क्रेन, मुलुंडची लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी आणि गोवंडीचे पाण्याचे टँकर. कुणी कधी बोलायचं ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती किंचाळी ऐकू येई, आणि ज्याला त्याला वाटे, आपलं बोलणं पोचलं.

एकदा मुलुंडची सुलक्षणा तिच्या मेकॅनिकला म्हणाली, "तीन माणसं अडकलीत, लवकर जा," आणि मालनचा ड्रायव्हर गुणाजी क्रेन घेऊन एका सहा मजली इमारतीपुढे हजर झाला. लिफ्टमधल्या माणसांना हुक कुठून लावायचा, हे तो वॉचमनला विचारत होता. त्याच दुपारी मालनने चेकनाक्यावर दोन गाड्या मागितल्या, तर तिथे पाण्याचे दोन टँकर आले. बंद ट्रक जागचा हलला नाही, पण स्वच्छ धुऊन मिळाला.

तिन्ही कंपन्यांच्या तक्रारी दिल्लीला गेल्या आणि दिल्लीहून पत्र आलं. चॅनेल आता एकालाच मिळणार, ज्याचा अर्ज सर्वांत जुना त्याला. बाकीच्या दोघांनी महिनाअखेर सेट जमा करावेत. जुना अर्ज मुलुंडचा होता. चंद्रप्रकाश सेठनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मालनबाई, सेट गेला तर तुमच्या खुर्चीचं मी काय करू, तुम्हीच सांगा." नोकरी गेली असती तर मालनने कुठेतरी पोळ्या लाटल्या असत्या, पण तिचं वाक्य पुरं होऊ देणारी जागा तिला दुसरी मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती भटवाडीतल्या आपल्या चाळीच्या नळावर उभी होती. नळ एक, बिऱ्हाडं छत्तीस, पाणी दीड तास, तरी कुणाचं डोकं फुटत नसे, कारण तिथली रीत पक्की होती. हंडा ठेवला की नंबर लागला. माणूस चहा प्यायला गेलं तरी हंडा त्याच्या जागी उभा. दोन हंडे भरले की बाजूला व्हायचं, आणखी हवं तर परत मागून लागायचं. घरात आजारपण असेल त्याने हंडा आडवा ठेवायचा, आणि आडव्या हंड्याला सगळ्यांनी वाट द्यायची. ही रीत सांभाळायला मालनच असे. घरात जिचं कुणी ऐकत नव्हतं, तिच्यापुढे नळावरच्या नामांकित भांडकुदळ बायका वरमत. त्या दिवशी मात्र तिचा स्वतःचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिला भान नव्हतं.

"मालन, झोपलीस काय गं?" मागून शेजारची कुंदा म्हणाली.

"नाही गं. आत्ता जाग आली."

ऑफिसात पोचताच तिने बटण दाबलं. "सगळ्यांनी ऐका. हे चॅनेल म्हणजे आपला चाळीचा नळ समजा. बोलायचंय त्याने आधी गावाचं नाव घेऊन 'हंडा ठेवला' म्हणायचं, नंबर आला की दोन वाक्यं बोलायची आणि बाजूला व्हायचं. माणूस अडकलं असेल तर 'आडवा हंडा' म्हणा, सगळे थांबतील." ही चार वाक्यं झाली, पण नियम अजून सुरू व्हायचा होता.

गोवंडीच्या टँकरवाल्यांकडे काशीराम बसे, मालवणचा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा. "गो बाय, पाण्याचो धंदो माजो, आनि हंडे तू ठेवतंस?"

"हे एक वाक्य झालं, काशीरामभाऊ. एकच उरलंय."

काशीरामने बराच विचार केला. "बरां," तो म्हणाला.

सुलक्षणाची कंपनी तर चॅनेलची एकटी मालकीण होणार होती. ती नाही म्हणाली असती तर सगळी वाट लागली असती. पण ती म्हणाली, "मालनताई, एकटीला चॅनेल मिळालं तर दिवसभर मी ऐकू कुणाचं? मुलुंडचा हंडा ठेवला."

किंचाळ्या थांबल्या. क्रेन ट्रककडे जाऊ लागली, टँकर टाकीकडे, मेकॅनिक लिफ्टकडे. दहा दिवस असे झकास गेले आणि अकराव्या दिवशी दारात परवाना ऑफिसचे मार्तंड साहेब उभे राहिले. धंद्याच्या वायरलेसवर गुप्त भाषा वापरायला सक्त मनाई होती, आणि साहेब चार दिवस गाडीत बसून चॅनेल ऐकत कोणाचे किती हंडे निघाले ते वहीत लिहून घेत होते. सोन्याची बिस्किटं असणार, अशी त्यांची जवळजवळ खात्री झाली होती.

"हंड्यात काय असतं?" त्यांनी विचारलं.

"पाणी," मालन म्हणाली.

"बाई, मला मूर्ख समजू नका."

"उद्या पहाटे साडेपाचला आमच्या चाळीत या, साहेब. येताना हंडा आणा."

साहेब आले, पण रिकाम्या हातांनी. नुसतं बघत उभं राहायची इथे पद्धत नाही म्हणून कुंदाने त्यांच्या हातात आपली कळशी दिली आणि एकोणतिसावा नंबर लावून दिला. त्यांनी ओळखपत्र दाखवून पाहिलं, तर सुंदराबाई म्हणाल्या, "ते खिशात ठेवा, भिजेल." कोपऱ्यातल्या खोलीत तापाने पडलेल्या नानांचा हंडा आडवा पडला तेव्हा सगळी रांग मागे सरली, आणि साहेबही सरले. पाणी जाता जाता त्यांना अर्धी कळशी मिळाली. ती कळशीसकट घेऊन ते निघून गेले.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सेट बांधायला सेठनी खोकं मागवून ठेवलं होतं आणि मालन त्या खोक्याकडे पाठ करून बसली होती. अकरा वाजता वायरलेसवर नेहमीच्या तिघांतला नसलेला आवाज आला.

"मी मार्तंड बोलतोय, परवाना ऑफिसमधून."

मालनच्या बोटाला आता सवय लागली होती. "साहेब, हंडा ठेवलात का?"

सेठनी कपाळावर हात मारला. वायरलेस खरखरला.

"ठेवला, बाई."

"तुमच्या आधी गोवंडी आहे, मग मुलुंड. थांबा."

काशीरामने देवनारला टँकर धाडला, सुलक्षणाने एका लिफ्टसाठी दोरखंड मागितला, आणि साहेब थांबले. मग ते बोलले. "सेट कुणाचाच जाणार नाही. तुमची पाळीची रीत तिन्ही परवान्यांत अट म्हणून घालायला दिल्लीने मंजुरी दिलीय." एवढं बोलून त्यांनी श्वास घ्यायला बटण सोडलं. मालनला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणि मालनबाई, अजून एक," साहेब म्हणाले.

"दोन झाली, साहेब. मागून लागा."

"सायबानू, माजो नंबर घेवा," काशीराम म्हणाला.

"नंबर देता-घेता येत नाही, काशीरामभाऊ."

साहेब मागून लागले. सात मिनिटांनी त्यांचा नंबर आला. "रीत कुणाची, ते दिल्लीला कळवायचंय. पूर्ण नाव सांगा."

मालनने बटण दाबलं. "मालन अंबादास शिरसाट," ती सावकाश म्हणाली. घाटकोपर, मुलुंड, गोवंडी, कुणीही मध्ये बोललं नाही. तिचं अजून एक वाक्य शिल्लक होतं.

"आणि साहेब, कुंदाची कळशी परत द्या."